प्रेम हवं, नखं नकोत!

मांजर पाळणाऱ्या माणसाला या देशात सल्ल्याची टंचाई कधी पडत नाही. कुत्रा पाळणाऱ्याला लोक वचकून असतात, पोपट पाळणाऱ्याचं कौतुक करतात, मासे पाळणाऱ्याला 'वास्तूला चांगलं असतं' म्हणून पाठिंबा देतात. पण मांजर पाळणारा दिसला की ज्यानं आयुष्यात झुरळसुद्धा हौसेनं पाळलेलं नाही, तोही खुर्ची पुढे ओढून मार्गदर्शनाला बसतो. त्यातून तुमचं मांजर मांडीवर बसून पंजांनी कणीक तिंबणारं असेल आणि तिंबताना नखं बाहेर काढणारं असेल, तर मग विचारूच नका. माझ्या मांडीला गेल्या तीन वर्षांत जेवढी भोकं पडली, त्याहून जास्त सल्ले माझ्या कानांवर पडले आहेत. भोकं बुजली. सल्ले अजून ठणकतात.

हा लेख त्या सल्लागारांविरुद्ध आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे ज्यांना अंगाला लावून घ्यायचं असेल त्यांना शेवटपर्यंत ताटकळावं लागणार नाही. मी पेशानं बँकेतला कारकून आणि शिक्षणानं बी. कॉम. तेव्हा बाजू मांडायची ती नावे आणि जमा अशी रीतसर, एवढंच मला येतं. प्राणिशास्त्राशी माझा संबंध मनीपुरता. मनी हे आमच्या मांजरीचं नाव. (बँकेतल्या माणसाच्या घरी 'मनी' असायचीच, हा विनोद आजवर सदतीस जणांनी करून झालेला आहे. आपण अडतिसावे होऊ नये.)

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन करतो. मांजर मांडीवर येतं. तीन वेळा स्वतःभोवती फिरतं, जणू काही प्लॉटची मोजणी चालली आहे. मग बसतं, डोळे अर्धे मिटतं, आत कुठेतरी घुर्र घुर्र मोटार सुरू होते आणि पुढचे दोन पंजे आळीपाळीनं खालीवर होऊ लागतात. डावा, उजवा, डावा, उजवा. पंजा दाबला की बोटं फाकतात, बोटं फाकली की नखं बाहेर येतात, आणि पंजा उचलला की ती पायजम्यात अडकून पायजम्यालाही वर उचलतात. पायजम्याच्या आत तुम्ही असता. मराठीत 'कणीक तिंबणे' या शब्दांना दोन अर्थ आहेत. एक पोळीचा, दुसरा पोलिसांचा. मांजर पहिला अर्थ मनात धरून काम करतं, अनुभव मात्र दुसऱ्याचा येतो.

आता माझ्या मांडीचं काय एवढं! पंचवीस वर्षं काउंटरमागे बसून ती खुर्चीसारखीच निर्विकार झालेली आहे. सल्लागारांची गर्दी झाली ती आईच्या मांडीमुळे. आई एकोणऐंशीची. हातापायांची कातडी पतंगाच्या कागदासारखी पातळ झालेली, त्यात हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी रोज चालू. तुम्हाआम्हाला ओरखडा उठतो तिथे तिला रक्ताचा थेंब येतो, आणि तो लवकर थांबत नाही. आणि मनीला सगळ्या घरात मांडी पसंत पडली ती नेमकी आईची! दुपारी दोन ते चार हे दोघींचे कामकाजाचे तास. एकदा आईच्या पातळावर रक्ताचे चार-पाच ठिपके दिसले, आणि घरात मांजरविषयक तातडीची सभा भरली. सभेला सौ., चिरंजीव, समोरच्या ब्लॉकमधले काका आणि योगायोगानं (म्हणजे जेवायच्या वेळेला) आलेले माझे साडूभाऊ, एवढी मंडळी हजर होती. आई आणि मनी या दोन संबंधित पक्षांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आत झोपल्या होत्या.

त्या सभेत आणि नंतरही जे ठराव आले ते मी चार प्रकारांत विभागले आहेत. एकेक घेऊ.

पहिला पंथ 'हाकलून द्या'वाल्यांचा. आमचे समोरचे काका या पंथाचे. "त्यात काय एवढं?" ते म्हणाले, "पोत्यात घालायची आणि खाडीपलीकडे सोडून यायची. आमच्या गावी असंच करत." गावी असं करत हे खरं. पण सोडलेलं मांजर पुष्कळदा सोडायला गेलेल्या माणसाच्या आधी घरी पोचे, हेही गावीच घडत असे. आणि जे पोचत नसे त्याचं काय होई, हे पोतं उचलणाऱ्यानं कधी मागे वळून पाहिलेलं नसे. त्याच गावातली जुनी बायामाणसं आणखीही एक गोष्ट सांगत, ती मात्र काका सोयिस्कर विसरले. मांजर मारल्याचं पातक फिटायला सोन्याचं मांजर करून काशीला न्यावं लागतं म्हणे. सोन्याचा आजचा भाव पाहता आमच्या काकांची आयुष्यभराची फिक्स डिपॉझिटं मोडली तरी मांजराचं शेपूटच जेमतेम होईल. बरं, पापपुण्य सोडा, कायदा घ्या. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० साली झाला. उपाशी-तहानेली तडफडेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा त्यात गुन्हा धरलेला आहे. कायदा झाला तेव्हा पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला गेला जास्तीत जास्त पन्नास रुपये. ही रक्कम ऐकून काकांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो पाहून मी तो विषय तिथेच आवरला.

माझा आक्षेप दंडाच्या रकमेवर नाही. जन्माला आलेल्या मुलाची सहाव्या दिवशी आपण जिच्यापुढे काळजी वाहतो, त्या षष्ठीदेवीचं वाहन मांजर आहे. ज्या देवीच्या हवाली पोर करायचं, तिचंच वाहन पोत्यात घालून खाडीपलीकडे पोचवायचं, हा हिशेब माझ्या तरी वहीत जुळत नाही.

दुसरा पंथ 'एक फटका द्या'वाल्यांचा. यात बहुधा निवृत्त शिक्षक, घरातले थोरले भाऊ आणि पुढच्या आठवड्यात साहेब होणारे लोक असतात. "नखं काढली रे काढली की एक चापट. दोन दिवसांत वठणीवर येते की नाही पाहा." यांना एक साधी गोष्ट विचारावीशी वाटते. अहो, ती मांजर त्या वेळी अर्धवट झोपेत असते. अगदी तृप्त, सुरक्षित, जगावर पूर्ण विश्वास टाकलेली. अशा वेळी अचानक आभाळातून चापट पडली तर तिला कळणार काय? 'माझी दहा नखं दोन मिलिमीटर जास्त बाहेर आली, सबब ही शिस्तभंगाची कारवाई' असं कळणार? तिला एवढंच कळतं की या मांडीचा भरवसा नाही. मग ती मांडीवर यायचीच बंद होते, आणि फटका देणारा माणूस चारचौघांत सांगत सुटतो, "बघा, सुधारली!" आमच्याकडे एक खातेदार रागावून खातं बंद करून गेला आणि त्याच दिवशी त्याची तक्रार 'निकाली' म्हणून नोंदली गेली, त्यातलीच ही सुधारणा.

मांजर मुळात मुद्दाम नखं उपसत नाही, हेही या मंडळींना ठाऊक नसतं. मांजराचं नख विश्रांतीच्या वेळी आपोआप म्यानात असतं. ते आत ठेवायला तिला कष्ट पडत नाहीत. बोटातला स्नायू ओढला गेला, पंजा ताणला गेला, की नख बाहेर येतं. आळस देताना आपले हात जसे आपसूक वर जातात आणि शेजारच्याच्या चष्म्याला लागतात, तसं हे आहे. लोकलमध्ये माझ्या चष्म्याला असे किती हात लागले म्हणून सांगू! मी कुणाला चापट मारल्याचं ऐकलंत का कधी? (अर्थात समोरच्याचे दंड पाहूनच मी ही सहिष्णुता बाळगतो, ते सोडा.)

तिसरा पंथ सगळ्यांत सभ्य, सगळ्यांत सुशिक्षित, आणि म्हणूनच सगळ्यांत भयंकर. हा 'नखंच काढून टाका'वाल्यांचा. आमच्या सभेत हा ठराव साडूभाऊंनी मांडला. साडूभाऊ सहा महिने लेकीकडे अमेरिकेत राहून आलेले आहेत, आणि परतल्यापासून प्रत्येक वाक्याचा आरंभ 'तिकडे' या शब्दानं करतात. "तिकडे असला त्रासच नाही," ते श्रीखंडाची वाटी पुढे सरकवत म्हणाले. "छोटंसं ऑपरेशन. नखं काढून टाकतात. मांजर तीच, मांडी तीच, ओरखडे बंद!" सौ.नं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी पंधरा वर्षांत एकही शहाणपणाची गोष्ट सुचवली नव्हती हे सगळ्यांना कळावं. चिरंजीवानं लगेच फोन काढून डॉक्टर शोधायला घेतला. ठराव मंजूर होण्याच्या बेतात होता. मी मात्र वाटीत श्रीखंड वाढायचं थांबलो.

'नखं काढून टाकणे' या शब्दांत केवढी लबाडी आहे पाहा. ऐकणाऱ्याला वाटतं, न्हावी बोटाची नखं काढतो तसं काहीतरी असेल. आता शरीराचा हिशेब ऐका. मांजराला नखं अठरा. पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. आपलं नख मांसावर चिकटलेलं असतं; मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. ते पुन्हा येऊ नये असं करायचं तर ते हाडच सांध्यापासून कापावं लागतं. म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर उडवायचं. पुढच्या दोन पंजांची मिळून दहा पेरं! साडूभाऊ, तुमच्या दोन्ही हातांची शेवटची पेरं उडवली आणि तुमच्या हाती ही श्रीखंडाची वाटी दिली, तर त्याला तुम्ही 'छोटंसं ऑपरेशन' म्हणाल का?

त्यात मांजर टाच टेकून चालत नाही, बोटांवर चालतं. म्हणजे ज्या बोटांची पेरं उडवली त्यांच्यावरच सगळं ओझं पेलत तिनं उरलेला जन्म काढायचा. अशी मांजरं पुढे दुखऱ्या पंजांमुळे मातीच्या पेटीत जायला नाखूश होतात, पाठीच्या दुखण्यानं बेजार होतात, आणि नखं नाहीत म्हणून दातांचा आधार घेतात. ओरखडे बंद झाले खरे. चावे सुरू झाले. याला आमच्या बँकेच्या भाषेत जुनं कर्ज फेडायला जास्त व्याजाचं नवं कर्ज काढणं म्हणतात. असं करणाऱ्या माणसाला आम्ही तोंडावर काही बोलत नाही, पण जामीनदाराचा फोन नंबर पुन्हा एकदा तपासून ठेवतो.

आणि 'तिकडे' म्हणाल तर तिकडेसुद्धा आता हे चालेनासं झालं आहे. न्यूयॉर्क राज्यानं या ऑपरेशनवर २०१९ साली बंदी घातली. अमेरिकेतलं ते पहिलं राज्य. मेरीलँडनं २०२२ साली घातली. युरोपातल्या देशांनी तर पाळीव प्राण्यांबाबत १९८७ सालीच जो करार केला, त्यात मांजराची नखं अशी काढण्याला मनाई लिहून ठेवली. म्हणजे साडूभाऊ 'तिकडून' घेऊन आले तो माल तिकडच्या दुकानातूनच उतरवायला सुरुवात झाली आहे. आपल्या १९६० च्या कायद्यातही जनावराचं अंग तोडणं हा छळच मानला आहे. हे सगळं मी सांगितल्यावर साडूभाऊ म्हणाले, "तसं मी सहज सुचवलं." बोटं कापायच्या गोष्टी या जगात नेहमी सहजच सुचवल्या जातात.

मला राहून राहून एका गोष्टीचं नवल वाटतं. २०२४ साली लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी वर्तमानपत्रातले फोटो कापून ठेवले. साडूभाऊंनी तर कुटुंबासह जाऊन दर्शन घेतलं. ठीकच आहे; १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडलं त्याचा अभिमान मलाही आहे. माझं म्हणणं इतकंच, की वाघाच्या नखांपुढे हात जोडायचे आणि घरी आल्यावर वाघाच्या मावशीची नखं मुळासकट उपटायचा ठराव मांडायचा, ही कुठली भक्ती?

चौथा पंथ माझ्याच बाजूचा, आणि म्हणून त्याचा मला जास्त राग आहे. हा 'सहन करा'वाल्यांचा. ही मंडळी मांजरवेडी असतात. हातावरचे ओरखडे मेडलसारखे मिरवतात. "अहो, ती माया आहे! मायेला काय नखं मोजायची असतात?" असं भरल्या गळ्यानं म्हणतात. मोजायची असतात! माझ्या आईच्या हाताला रक्त आलं तर ते मी मोजणार. ओरखडा म्हणजे जखम, मग ती कितीही मायेची असो. लस टोचलेल्या घरच्या मांजराचा ओरखडा असला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगला धुवायचा असतो; आणि बाहेरच्या, लशीचा पत्ता नसलेल्या मांजराचा असेल तर धुऊन सरळ डॉक्टर गाठायचा असतो. तिथे मायेच्या गोष्टी सांगत बसायचं नसतं. म्हातारं माणूस, साखरेचा आजार असलेलं माणूस, घरातलं तान्हं पोर यांनी दुसऱ्याच्या मांजरप्रेमासाठी रक्त का सांडावं? शिवाय या हुतात्म्यांमुळेच पहिल्या तिन्ही पंथांचं फावतं. 'एकतर सोसा, नाहीतर उपटा' असे दोनच पर्याय लोकांपुढे राहिले, तर दहातले नऊ जण उपटायलाच निघणार.

आणि या दोन्हींच्या मध्ये जो रस्ता आहे तो इतका स्वस्त, इतका सोपा आणि इतका कंटाळवाणा आहे, की त्याची सभा भरवावी असं कुणालाच वाटत नाही.

तो रस्ता आम्हाला सापडला तो आईकडून. आम्ही बाहेर पेरं मोजत असताना ती आतून उठून आली होती, आणि दाराला टेकून सगळं ऐकत होती. मनी तिच्या पायाशी. आई म्हणाली, "अरे, तुम्ही अंगावर पिताना काय कमी ओरबाडलंत? तू तर मेल्या, इतका ओरबाडायचास की सासूबाईंनी विचारलं, अंगावर हे काय उठलंय म्हणून. आम्ही काय केलं? बाळाची नखं कापायची असतात. बोटं नाही."

एवढं बोलून ती आत गेली, कपाटातून चिरंजीवाचं लहानपणचं दुपटं काढून आणलं, त्याची चौपदरी घडी मांडीवर घातली आणि बसली. मनी चढली, तीन वेळा फिरली आणि तिंबू लागली. तिच्याच जुन्या लुगड्याच्या मऊ चार थरांतून एकही नख आईपर्यंत पोचलं नाही. साडूभाऊ आपल्या वाटीकडे पाहत राहिले.

आईनं उदाहरण दिलं ते तान्ह्या बाळाचं, आणि गंमत अशी की शास्त्रही नेमकं तेच सांगतं. मांजरीची पिल्लं आईला पिताना तिच्या पोटावर असेच पंजे दाबतात. त्या दाबानं दूध उतरतं. म्हणजे डावा, उजवा, डावा, उजवा हे मांजराच्या जन्मातलं पहिलं काम, आणि त्याचा पहिला मोबदला म्हणजे कोमट दूध. मोठेपणी दूध सुटतं, पण काम सुटत नाही. जिथे ऊब आहे, मऊपणा आहे आणि भीती नाही, तिथे पंजे आपोआप चालू लागतात. शिवाय पंजाच्या गादीजवळ वासाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे तिंबता तिंबता मांजर त्या जागेवर आपला वासही लावून ठेवतं. थोडक्यात, मनी आईच्या मांडीवर बोजा चढवते, तोही बिनव्याजी. आमची मनी कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटखाली भिजून बसलेली मिळाली, तेव्हा चार आठवड्यांचीसुद्धा नव्हती. आईचं दूध तिच्या वाट्याला कितीसं आलं असेल? आता त्या हिशेबातली थकबाकी ती माझ्या आईच्या मांडीवर वसूल करते आहे. यात फटका देण्यासारखं काय आहे, ते मला कुणीतरी लेखी कळवावं.

नखं कापायचं काम मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून शिकून घेतलं. त्यात विद्या अशी फार नाही. मांजर पेंगत असताना पंजा हातात घ्यायचा, बोट वरून-खालून हलकं दाबायचं, की नख बाहेर येतं. उजेडात धरलं की आत गुलाबी भाग दिसतो. ते जिवंत मांस. त्यात रक्त आहे, दुखणं आहे, त्याच्या वाटेला जायचं नाही. पुढचं पांढरं, वाकडं, अणकुचीदार टोक तेवढं कापायचं. मांजरांच्या नखांची कात्री मिळते. दोन-तीन आठवड्यांनी एकदा. एका बैठकीत अठराच्या अठरा नखांचा निकाल लावण्याचा हट्ट धरायचा नाही. एका दिवशी एक पंजा, वर एक सुकटीचा तुकडा. हप्त्याहप्त्यानं वसुली केली की खातेदारही दुखावत नाही, हे मला व्यवसायामुळे आधीच ठाऊक होतं.

मांजराला नखं घासायला घरात काहीतरी द्यायचं. आम्ही जुन्या पाटाच्या फळीला काथ्याची दोरी गुंडाळून भिंतीला उभी केली. नखावरचे जुने पापुद्रे ती तिथे उतरवते, आणि सोफा वाचतो. मांडीवर नेहमी दुपटं. आणि एवढं करूनही एखादं नख लागलंच, तर ओरडायचं नाही, ओढायचं नाही. ओढलं तर अडकलेलं नख आणखी रुततं. पंजा हळूच पुढे ढकलून नख सोडवायचं आणि मांजराला अलगद शेजारी ठेवायचं. मांडी बंद, सूचना नाही, दंड नाही. दहा मिनिटांनी पुन्हा उघडायची. चार-सहा आठवड्यांत तिच्या लक्षात यायला लागतं की दुपट्याची शाखा कायम उघडी असते आणि उघड्या कातडीची शाखा लवकर बंद होते.

खर्चाचा तपशील देतो. कात्री एक, काथ्या एक गुंडी, सुकट किरकोळ. फळी घरची. दुपटं घरचं. लस वेगळी, पण ती नखं असोत-नसोत, टोचायचीच होती. वेळ : आठवड्यातून पाच-सात मिनिटं. मग लोक पोत्याकडे, चापटीकडे आणि कात्रीऐवजी सुरीकडे का धावतात? याचं मला सापडलेलं उत्तर फारसं आनंदाचं नाही. पाच-सात मिनिटं रोज थोडी थोडी देत राहणं आपल्याला जड जातं. आपल्याला एकदाच काहीतरी करून मोकळं व्हायचं असतं. मांजराची ऊब हवी, घुर्र घुर्र हवी, मांडीवर झोपलेल्या मांजराचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला हवा; पण त्या उबेला जी दहा टोकं आहेत त्यांची देखभाल नको. व्याज हवं, पण ठेव ठेवायला नको. असले ग्राहक मी रोज काउंटरवर पाहतो. त्यांची समजूत काढण्यासाठी मला पगार मिळतो. घरी येऊन तेच काम फुकट करावं लागतं, म्हणून हा लेख.

आणि मांजर निदान बोलत तरी नाही. घरातली बोलणारी माणसंही कमीअधिक अशीच असतात. उतारवयातली आई तीच गोष्ट पाचव्यांदा सांगते, वयात आलेला मुलगा दार आपटतो, बायको माहेरच्या लग्नातला अपमान वीस वर्षांनी काढते. ज्याला माणूस आपलं म्हणतं त्याच्याच अंगावर नखं काढतं. परक्यापुढे ती म्यानातच असतात. आमच्या मनीनं साडूभाऊंच्या मांडीवर आजवर एकदाही कणीक तिंबलेली नाही. त्यांना वाटतं, आपण वाचलो. मला त्यांची दया येते.

तेव्हा सल्लागार मंडळींना माझं सांगणं एवढंच. ज्याला बिननखांची ऊब हवी असेल त्यानं गरम पाण्याची रबरी पिशवी घ्यावी. ती ओरखडत नाही, केस गाळत नाही, आणि कंटाळा आला की रिकामी करून खुंटीला टांगता येते. ज्याला मांजर हवं असेल त्यानं नखांसकट घ्यावं आणि टोकं कापायला शिकावं. शिकवायला मी तयार आहे. दर रविवारी सकाळी दहा ते बारा, विनामूल्य. येताना जाड पायजमा घालून यावं, जुनं दुपटं असेल तर बरोबर आणावं, आणि सल्ला असेल तो मात्र घरी ठेवून यावं.